आखणी राहिलेला शाडूवीर

माझी नात परवा मोबाइल घेऊन धावत आली. तिच्या कॉमिक्समधला कुणी वीर म्हणे चित्राची चौकट मोडून बाहेर वाकतो आणि वाचणाऱ्याशीच बोलायला लागतो. "आजी, त्याला माहितीये तो चित्रातला आहे ते. असं आधी कुणी केलंच नव्हतं." तिला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट तिच्या फोनात पहिल्यांदा घडते. मी म्हटलं, अगो, आमच्या आजोळी, जोह्यात एकजण हे जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर करायचा. ती हसली. हसू दे बापडी. मला मात्र ते चित्र बघून भीती वाटली, आणि या वयातही ती वाटते याचं माझं मलाच नवल वाटलं. म्हणून म्हटलं ते दिवस एकदा लिहून काढावेत. मी मूळची भित्री, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाबा रोह्याला शाळेत मास्तर होते आणि आम्ही राहायचो कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. मे महिन्याची सुट्टी लागली की बाबा निकालांच्या कामात अडकायचे आणि आई मला घेऊन माहेरी निघायची. एसटीनं पेणपर्यंत, स्टँडवर उसाचा रस, मग जोह्याची गाडी. गाडीतून उतरलं की आधी वास यायचा, ओल्या मातीचा, रंगाचा आणि कुणाच्या तरी चुलीवर भाजत असलेल्या सुकटीचा. मग आवाज. घराघरांतून मूर्तींवर पॉलिश पेपर घासल्याची खरखर चाललेली असायची, आणि ती इतकी सतत असायची की ती थांबली तरच लोक मान वर करून बघायचे. पुढे घर आणि मागे कारखाना अशी आमच्या आजोळची रचना. कारखाना म्हणजे गणपतीचा. जोह्यात त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला सुचत नसे. आबा, म्हणजे आईचे वडील, कारखान्याचे मालक, पण ते स्वतःही साच्यापाशी बसून असायचे. घरात शकूमामीचं राज्य. सकाळी तांदळाची भाकरी आणि कैरीची चटणी, दुपारी वालाचं बिरडं, आणि सगळे आडवे झाले की अंगणात फणस फोडणं. मामी हाताला तेल चोपडून गरे काढायची आणि आठळ्या वेगळ्या टाकायची. मी पहिल्या गऱ्यासाठी तिच्या पाठीला चिकटून बसायचे, आणि ती म्हणायची, "सर गो जराशी मागं, फणसापेक्षा तूच जास्त चिकटतेस."

आईचा धाकटा भाऊ, शकूमामीचा नवरा, तो दत्तामामा. तो आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते सगळ्यांना येत नाही. ज्याला येतं त्याचा हात म्हणजे कारखान्याचा जीव. दोन्ही डोळे एका पातळीत बसले पाहिजेत आणि माणूस कुठंही उभा राहिला तरी गणपतीनं त्याच्याकडे बघितलं पाहिजे. डोळे होईपर्यंत आबा मूर्तीला 'माल' म्हणायचे. माल ओलांडला तरी चालायचा, त्याच्या सोंडेवर ओलं फडकं वाळत टाकलं तरी कुणी काही म्हणत नसे. आखणी झाली की त्याच मालासमोर मामी पदर सावरायची आणि आबा विडी विझवायचे. मला भीती वाटायची ती त्यामधल्या दिवसांची. भर दुपारी पत्रे तापून टकटक वाजायचे, सगळे झोपलेले असायचे, आणि कारखान्यात रांगच्या रांग पांढरे गणपती उभे असायचे, कान, सोंड, मुकुट सगळं जागच्या जागी आणि डोळ्यांच्या ठिकाणी नुसते उंचवटे. त्यांना मी दिसत नाही याचीच मला भीती वाटायची. दिसलं असतं तर निदान ओळख तरी झाली असती.

मामाला कॉमिक्सचं वेड होतं. पेणच्या स्टँडजवळ एक दुकानदार जुनी कॉमिक्स भाड्यानं द्यायचा, हिंदी आणि काही इंग्रजीसुद्धा. मामाला इंग्रजी येत नसे, पण चित्रांवरून तो गोष्ट लावायचा आणि मध्येच हसत सुटायचा. त्या वीरांच्या बुरख्यात डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी असत, बुबुळ नाही की काही नाही. मामा मला ते पान दाखवून म्हणाला, "बग, एवढा इमारती उचलतो आणि डोळे कोरे. याची आखणी करायचीच राहिली गो. घाईघाईत माल पाठवलान." जगात त्या चित्रांकडे बघून असं फक्त जोह्याच्याच माणसाला वाटेल. पण मामाच्या डोक्यात ते बसलं, आणि त्यातूनच त्यानं स्वतःचा वीर काढला. त्याचं नाव शाडूवीर.

शाडूवीर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राहायचा. अंगानं शाडूच्या मातीचा, पाठीवर मूर्ती झाकायच्या प्लास्टिकचा झगा. पाण्याला फार भ्यायचा, कारण पाण्यात गेला की विरघळणार. तो चित्रातला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाज वाटत नसे. उडायचं असलं की तो काहीतरी मोठ्यानं बोलायचा, आपल्याच बोलण्याचा फुगा पकडायचा आणि त्याला लोंबकळत वर जायचा. बोलणं संपलं की धपकन खाली. पुढच्या चौकटीत जायला वाट नसली तर मधली रेघ वाकवून त्यातून शिरायचा. कोपऱ्यात 'इतक्यात' असा शब्द आला की कपाळाला हात लावायचा, "झालं, आता कुणीतरी मला मारणार." पलीकडच्या बाजूच्या तारखा कागदातून उमटलेल्या असत, त्यांना ठेचकाळायचा आणि विचारायचा, "आज अमावस्या काय?" मामालाही तो सोडत नसे. "दत्ता, मागच्या चौकटीत मला सहा बोटं काढलीस, मोज." आणि खरंच सहा असायची. मी पोट धरून हसायचे. पण शाडूवीरालाही डोळे नव्हते. मामा त्याचे डोळे गोष्ट पुरी झाल्यावर, सगळ्या चौकटींत एका बैठकीत काढणार होता, कारखान्यात करतात तसंच. तोपर्यंत शाडूवीर आंधळा होता आणि हेही त्याला माहीत होतं.

आणि मग मामानं खोडासुर आणला. माझं हसू तिथं संपलं. खोडासुराचं चित्रच नव्हतं. तो जिथून जाऊन आला तिथं कागद कोरा, एवढीच त्याची खूण. एखाद्या चौकटीत बाजार भरलेला असायचा आणि मधोमध पांढरं भोक. एका चौकटीत तर काहीच नव्हतं, फक्त खालच्या कोपऱ्यात कुणाचीतरी एक चप्पल राहिली होती. मामानं सांगितलं होतं की खोडासुर शेवटच्या पानावरून निघालाय आणि पुसत पुसत आपल्याकडं येतोय. म्हणजे मी भराभर वाचलं तर तो लवकर भेटणार, आणि वाचायची थांबले तर शाडूवीर तिथंच एका पायावर उभा. हे कमी होतं म्हणून की काय, मामा माझ्या नकळत खोडरबर घेऊन मागच्या पानांवर बसायचा. काल वाचलेली चौकट आज बघावी तर त्यातलं माणूस गायब. मी मामीकडे धावायचे. मामी म्हणायची, "अहो, पोरीला कशाला भेडसावता? रात्रीची उठून बसते ती." मामा म्हणायचा, "मी काय केलं? मी भाकरी खातोय." माझ्या भीतीतही मी त्याच्याकडे परत जायचे, कारण शाडूवीराला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ते असं. अर्ध्या गोष्टीवर शाडूवीर चौकटीत थांबला, थेट माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "वाचका, मला दिसत नाय. पुढच्या चौकटीत काय हाय ते तू सांग." पुढच्या चौकटीत मामानं फिकट पेन्सिलीनं काहीबाही काढून ठेवलेलं असायचं, भिंत, विहीर, साप. मी सांगायचं आणि मी सांगीन तसा मामा शाडूवीराला चालवायचा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, डावीकडं वळ. मामानं त्याला सरळ विहिरीत उतरवला. मी रडायलाच लागले. "डावं कुणाचं?" मामा म्हणाला. "तुजं का त्याचं? तो तुज्याकडं तोंड करून उभा हाय. तुजं डावं ते त्याचं उजवं." मग मी शिकले. 'तिकडे' म्हणायचं नाही. आंधळ्याला 'तिकडे' नसतं. त्याचं डावं, त्याचं उजवं. पायाशी काय आहे ते आधी, लांबचं मागाहून. आणि सांगताना थांबायचं नाही, कारण आवाज थांबला की त्याला वाटतं सगळे पळून गेले. त्या सुट्टीत मी दुपारभर कारखान्याच्या पायरीवर बसून एका मातीच्या माणसाला विहिरींतून आणि सापांतून वाट दाखवत होते, आणि प्रत्येक पानाला माझ्या तळहातांना घाम फुटत होता.

आखणीच्या खोलीला दरवर्षी चुना लागायचा. भिंती पांढऱ्याशुभ्र असल्या की उजेड सगळीकडून सारखा येतो, मूर्तीच्या तोंडावर सावली पडत नाही, म्हणून मामा ते काम दुसऱ्या कुणाला देत नसे. त्या दिवशी सकाळी खोलीतला सगळा माल बाहेर अंगणात मांडवाखाली काढला. जिथं जागा दिसली तिथं गणपती ठेवले, त्यामुळे अंगणातल्या हौदाकडे जायची रोजची वाट पार बुजून गेली. खोलीच्या दाराशी पिंपात चुनकळीचे खडे टाकून मामानं पाणी ओतलं. चुनकळीत पाणी पडलं की काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. खळखळ उकळी फुटते, वाफ येते, पिंप हाताला चटका देतं. ते थंड होईपर्यंत लांब राहायचं असतं. मामा बांबूनं ढवळत होता. आबा ओटीवरून "दत्ता, जरा लांबनं" म्हणाले, तेही नेहमीच्याच सुरात. मी पायरीवर कॅलेंडरची गुंडाळी उघडून बसले होते. पिंपात धप्प असा आवाज झाला, एखादा मोठा खडा फुटल्यासारखा, आणि मी वर बघितलं तेव्हा बांबू खाली पडला होता आणि मामानं दोन्ही हात तोंडावर धरले होते. त्याच्या बोटांमधून पांढरं गळत होतं. त्याच्या घशातून जो आवाज आला तसा आवाज मोठा माणूस काढतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पाणी," मामा म्हणाला. "पाणी द्या."

"पाणी नको," आबा ओटीवरून उतरत ओरडले. "चुना हाय तो. पाण्यानं पेटतो. डोळ्यातच उकळंल. शकू, तूप आण. आधी तूप."

कुणाला वाटेल केवढा अडाणीपणा. पण आम्ही सगळ्यांनी आत्ताच त्या पिंपात पाणी पडलेलं बघितलं होतं. चुन्याला पाणी लागलं की काय होतं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मामी आत तुपाला धावली. आई पाण्याची कळशी हातात घेऊन तशीच उभी राहिली, ओतू की नको म्हणून आबांच्या तोंडाकडे बघत. आता मला माहीत आहे की चुना डोळ्यात गेला तर पाणीच घालायचं, लगेच आणि भरपूर, एक क्षणही न थांबता. तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. मामालाही नसावं. त्याला फक्त जळत होतं.

"हौद कुठं हाय?" म्हणून मामा आंधळेपणानं निघाला आणि पहिल्याच पावलाला त्याच्या मांडीचा धक्का एका गणपतीला लागला. मूर्ती आडवी झाली, सोंड फुटली. तो आवाज ऐकून मामा जागच्या जागी थिजला. सगळ्या बाजूंनी माल होता, वाट कुठं आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि आयुष्यभर ज्यानं मूर्तीला साधा ओरखडा येऊ दिला नाही त्याला त्या मरणाच्या कळांतसुद्धा पुढचं पाऊल टाकवेना. त्यानं मान वळवली, मी बसले होते त्या बाजूला.

"सुले, तू हायस ना तिथं? सांग."

आबा हात पसरून त्याला अडवायला येत होते. पाणी म्हणजे उकळी, पाणी म्हणजे शाडूवीर विरघळतो, आणि माझ्या त्या वयाच्या डोक्यात त्या दोन्ही गोष्टी एकच झाल्या होत्या. मला खरोखर वाटलं की मी मामाला हौदाकडे पाठवलं तर त्याचं तोंड पाण्यात जाईल आणि परत वर येणार नाही. तरी मी बोलले. कशी ते मला आजही सांगता येत नाही. "डावीकडं," मी म्हटलं, आणि मामानं पाय उचलला तशी किंचाळले, "नाय, थांब. तुज्या उजवीकडं. तुज्या. पायाशी पडलेला हाय, मोठी ढांग टाक. आता सरळ. डाव्या हाताला मोठा गणपती हाय, अंग चोर. सरळ ये. आणखी. आबा मध्ये येतायत, थांबू नको, तुज्या उजवीकडनं ये. पुढं गणपतींच्या पाटांची रांग, त्यांच्या कडेकडेनं चाल. आता हात पुढं कर. खाली. आणखी खाली. कट्टा लागला?" आबांनी त्याचा सदरा धरला तो टरकन फाटला. मामाचा हात हौदाच्या कट्ट्याला लागला आणि त्यानं कमरेपर्यंत वाकून तोंड पाण्यात घातलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हौदातलं पाणी दुधासारखं झालं होतं आणि मामा वर येऊन श्वास घेऊन पुन्हा आत जात होता, पुन्हा वर, पुन्हा आत, बोटांनी पापण्या उघडून. आबा तुपाच्या भांड्यात बोटं बुडवून शेजारी उभे होते आणि ती बोटं कुठं लावावीत हे त्यांना कळत नव्हतं.

शेजारच्यांच्या जीपमधून त्याला पेणला नेला. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटल्याच्या बाटल्या उलटून डोळे धुतले. मग दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि काय ते पट्टी सोडल्यावरच कळेल, म्हणाले. आई विचारत राहिली, आणि ते 'बघू' याच्या पलीकडे गेले नाहीत. बाहेर बाकावर आबा आईला म्हणाले, "हौदातलं पाणी ते. त्यात ब्रश धुतात, मातीचे हात धुतात. कसलं कसलं रंगाचं पाणी गेलं असंल डोळ्यात." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पोरीच्या सांगण्यावर गेला तो." ते मला बोलले नव्हते. त्यांच्या आवाजात रागही नव्हता, ते नुसतं मोठ्यानं समजून घेत होते. पण मी आईच्या मागे उभी होते आणि मी ते ऐकलं. तोवर मी नुसती घाबरले होते. त्यानंतर मला कशाची भीती वाटतेय ते कळलं. मामाचे डोळे गेले तर ते माझ्या सांगण्यानं गेले, असं ते होतं.

शाळा सुरू व्हायची होती म्हणून बाबा मला घेऊन रोह्याला आले. आई जोह्यालाच राहिली. बाबांना खिचडीशिवाय काही करता येत नसे. ते माझ्यासमोर ताट ठेवायचे आणि मी भात या कडेचा त्या कडेला सारायचे. "खा गं," म्हणायचे, "उपाशी राहून त्याचे डोळे लवकर बरे होणार आहेत का?" मास्तर असल्यामुळे त्यांचं बरोबरच असायचं, आणि त्यानं घास खाली उतरत नसे. शाळेत फळ्यावर पांढरा खडू फिरला की मी वहीत मान घालायचे. आणखी एक गोष्ट होती. त्या गडबडीत कॅलेंडरची गुंडाळी माझ्या पिशवीतच राहिली होती. एका दुपारी बाबा बाहेर गेल्यावर मी ती उघडली. शेवटच्या चौकटीत शाडूवीर माझ्याकडे तोंड करून, हात पुढे करून उभा होता आणि फुग्यात लिहिलं होतं, 'वाचका, पुढं काय हाय?' त्याच्यापुढची चौकट कोरी होती. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. मामानं ती अजून काढली नव्हती की काढून पुसली होती हे मला कळेना. मी ती उजेडापाशी नेऊन तिरकी करून बघितली, दाबाचा काही वण दिसतो का म्हणून. काही दिसलं नाही. शाडूवीर मला विचारत होता आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी कागद घट्ट गुंडाळला, दोरीनं बांधला आणि कपाटावर इतक्या आत ढकलला की माझा हात पुन्हा तिथं पोचू नये. त्यानंतर मी त्या कपाटाकडे पाठ करून अभ्यासाला बसायचे, आणि पाठीला ते जाणवायचं.

आबा कधीतरी सहज म्हणाले होते की आखणीवाल्याचा हात गेला तर दुसरा हात शिकवता येतो, नजर गेली तर काय शिकवणार. तेव्हा ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते. आता ते वाक्य मला सारखं ऐकू यायचं. मामाला दुसरं काही येत नव्हतं. साच्याचं काम त्यानं कधी केलं नव्हतं, हिशेबात तो कच्चा होता, शेतात आबा त्याला उभा करत नसत. त्याला डोळे काढता येत होते, तेवढंच.

पट्टी सोडायच्या दिवशी बाबा मला पेणला घेऊन गेले. मामानंच निरोप दिला होता, सुलीला आणा. दवाखान्याच्या ओसरीत आबा बाकावर बसले होते. मामीबरोबर एकाच गाडीतून ते आले होते, पण आत यायला तयार नव्हते. "तुमी जा," म्हणाले, "मी हाय इथं." आत मामा खुर्चीवर ताठ बसला होता, दाढी वाढलेली, गालावर चुन्यानं भाजल्याचे डाग. मामी ठेवणीतली साडी नेसून आली होती, सणाला नेसतात तशी, आणि तिचा चेहरा मात्र भिजलेल्या फडक्यासारखा झाला होता. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. डॉक्टरांनी आधी डाव्या डोळ्याची पट्टी सोडली, कापसानं पुसून घेतलं आणि म्हणाले, हळूहळू उघडा.

मामानं उघडला. आम्ही वाट बघत राहिलो.

"काय दिसतंय?"

"पांढरं."

"पांढऱ्यात काही? सावली? हालचाल?"

"नाय," मामा म्हणाला. "नुसतं पांढरं."

ते पांढरं कसलं ते मला माहीत होतं, मी ते कपाटावर ढकलून ठेवलं होतं. मी बाबांचा हात शोधायला लागले. डॉक्टर उजव्या डोळ्याकडे वळले. उजवी पट्टी सुटली, कापूस निघाला. मामानं तो डोळा मिटूनच ठेवला. डॉक्टर म्हणाले, उघडा. त्यानं मान हलवली. पुन्हा म्हणाले. तो खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिला, लहान पोर दात काढताना बसतं तसं तोंड करून. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मामासुद्धा घाबरतो, माझ्याइतकाच, कदाचित जास्त.

"सुली आली काय?" त्यानं विचारलं.

"आलेय."

त्यानं हात पुढे केला. मी तो धरला.

"आधी तू सांग," मामा म्हणाला. "समोर काय हाय?"

"समोर डॉक्टर हायत," मी म्हटलं. माझा आवाज माझाच मला ओळखू येत नव्हता, पण थांबायचं नव्हतं. "त्यांच्या हातात बॅटरी हाय. तुज्या उजवीकडं खिडकी हाय, पडदा अर्धा हाय. खिडकीत एक बाटली हाय. तुज्या मागं बाबा हायत. तुज्या डावीकडं मामी उभी हाय."

"काय नेसलीय?"

"साडी."

"साडी तर नेसणारच. रंग सांग."

"निळी," मी म्हटलं.

मामानं डोळा उघडला. त्यातून पाणी वाहायला लागलं आणि तो फडफड मिटला, पुन्हा उघडला. त्यानं मान डावीकडे वळवली, आणखी वळवली, त्या एका डोळ्यात मामी मावेपर्यंत, आणि तिच्याकडे बघत राहिला. मूर्ती पुरी झाल्यावर मागे सरून बघायचा तसा, कपाळाला आठी घालून.

"निळी कुठं गो," मामा म्हणाला. "मोरपंखी हाय ती."

मामीनं खाली वाकून स्वतःच्या साडीकडे बघितलं आणि होती तिथंच जमिनीवर मटकन बसली. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. मी मामाचा हात सोडवून घेतला आणि ओसरीत धावले. आबा बाकावर तसेच बसले होते, टोपी सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला बघून ते उठले नाहीत. त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"मामीची साडी मोरपंखी हाय," मी म्हटलं. "निळी नाय."

"कोण म्हणतो?"

"मामा."

आबांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.